बड्या साहेबांची कवळी

ता. ४ जून

चि. ढब्बूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मालिकेचा शेवटचा भाग संपल्या संपल्या लिहायला बसलेला दिसतोस. साठीला आलेला माणूस, दोन नातवंडांचा आजोबा, आणि एका नर्सबाईनं खलनायकाला शीतगृहात कोंडलं म्हणून एवढा हर्षभरित? पाचदा उद्गारचिन्हं! मी मोजली. एकतीस वर्षं कोर्टात साक्षी टिपून घेतल्या, पण एका पानावर पाच उद्गारचिन्हं द्यायची वेळ खुनाच्या खटल्यातसुद्धा आली नाही.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सामायिक खोलीत मोठा टीव्ही आहे, हे तुला ठाऊक आहे. बेचाळीस शनिवार तिथल्या लाकडी बाकावर बसून माझी कंबर गेली, ती कशासाठी? तर त्या नर्सच्या धाकट्या बहिणीला कोणी मारलं ते कळावं म्हणून. कळलं. शीतगृहाच्या मालकानं. सगळं गाव ज्याला देवमाणूस म्हणतं त्यानंच. नर्सच्या हातात त्याच्या कबुलीची ध्वनिफीत आहे, दाराबाहेर इन्स्पेक्टर उभा आहे, आणि ही बया काय करते? फीत गटारात टाकते, मालकाला बहीण जिथे मेली त्याच थंड गाळ्यात ढकलून बाहेरून कडी घालते. इन्स्पेक्टर घड्याळात बघतो आणि चहा प्यायला जातो. समाप्त.

यावर आमच्या मंडळींनी जो गोंधळ घातला तो तू पाहायला हवा होतास. केस कापायच्या दुकानवाल्या बाईंनी बाक बडवून जाहीर केलं की हाच खरा न्याय. भूगोलाचे निवृत्त मास्तर म्हणाले की कायदा आंधळा असल्यामुळे माणसानं स्वतःच बघायला हवं, आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन दोनदा म्हणाले. औषधाच्या दुकानवाल्याचा सुडाला विरोध नव्हता, फक्त थंडीला होता. त्याच्या मते गारठून मरणं फार सुखाचं असतं, मालकाला भट्टीत घालायला हवं होतं. हा माणूस मला रक्तदाबाच्या गोळ्या देतो.

मी एवढंच विचारलं की फितीचं काय. गावाच्या लेखी मालक देवमाणूस होता तो देवमाणूसच राहिला. उद्या वर्तमानपत्रात येईल की बिचारा कामावर असताना अपघातानं गेला. त्याचा पुतळा उभारतील. मेलेल्या बहिणीच्या पदरात काय पडलं? केसवाल्या बाई म्हणाल्या की ताई, तुम्हाला भावनाच नाहीत.

तुलाही तेच वाटत असेल तर तसं लिही. फोन करू नकोस. फोनवर तू नुसता हो-हो म्हणतोस.

वहिनीच्या गुडघ्यांना आराम असेल अशी आशा. अक्कल थोडी उशिरा आली तरी चालेल, पत्र वेळेवर यावं.

तुझी ताई


ता. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला भावना नाहीत असं मी म्हणणार नाही. आहेत, पण तू त्या लघुलिपीत लिहून ठेवतेस आणि वाचता फक्त तुलाच येतात.

तुझी वकिली वाचली, आता माझी ऐक. फीत इन्स्पेक्टरला दिली असती तर काय झालं असतं? मालकानं तुझ्याच कोर्टातला एखादा काळा कोट आणला असता, बारा वर्षं तारखा पडल्या असत्या, आणि तू बसली असतीस टिपत. नर्सनं चार सेकंदांत कडी घातली. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. तुझी वहिनी स्वयंपाकघरातून पळत आली, तिला वाटलं मी पडलो.

पण आज मुद्दाम लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरांकडून नेहमीसारखा पुठ्ठ्याचा खोका आला. आमच्या धंद्यात कवळी बनवणारा तोंड कधी बघत नाही, हे तुला माहीत आहे. डॉक्टर माप घेतात, आमच्याकडे येतो तो नुसता प्लॅस्टरचा जबडा आणि सोबत चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव वाचलं आणि हातातला चाकू खाली ठेवला. वय एक्क्याऐंशी. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाईंना सहज म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, हो हो, ते मोठ्या धुलाई कारखान्यात सुपरवायझर होते, अजून ताठ चालतात.

ताई, बडे साहेब! बाबांचे बडे साहेब! चाळीस वर्षांनी तोंडाचं बोळकं होऊन माझ्या टेबलावर आलेत, माझ्याच पावडरीच्या डब्याशेजारी. मी त्या जबड्याकडे अर्धा दिवस बघत बसलो. वरचा आणि खालचा, दोन्ही. एकही दात नाही.

मी ठरवलंय. दात मेणात बसवून चाचणीला पाठवले, डॉक्टरांनी तोंडात घालून बघितले, ठीक म्हणून परत पाठवले. आता मेणाच्या जागी प्लॅस्टिक घालून पक्की कवळी शिजवायच्या आधी मी दाढा तीन मिलिमीटर उंच करणार. दिसायला काही नाही. पण तोंड मिटलं की आधी दाढा आपटणार. घास चावताना जबडा दुखणार, बोलताना दुखणार, गप्प बसला तरी दुखणार. मरेपर्यंत एक घास सुखानं खायला मिळणार नाही. त्या नर्सला शीतगृह लागलं, मला तीन मिलिमीटर पुरतात.

वहिनीचे गुडघे तसेच आहेत. तिचा नमस्कार. रागावलीस तर पानभर रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा
ढब्बू


ता. १५ जून

चि. ढब्बूस,
आशीर्वाद देते आहे, पण मनापासून नाही. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोनदा चष्मा पुसला. तीन मिलिमीटर! हा सूड आहे की सुतारकाम? एवढा मोठा घोडा झालास आणि डोकं आमच्या तळमजल्यावरच्या मंडळींच्या बाकावर बसलेलं.

काय झालं होतं ते तुला नीट आठवत तरी आहे का? तू अठरा वर्षांचा होतास आणि तुझं लक्ष फुटबॉलमध्ये होतं. मला आठवतं. बाबा बॉयलरवर होते. बॉयलरची झडप अडकते, बदलायला हवी, असं त्यांनी नोंदवहीत तीन वेगवेगळ्या दिवशी लिहिलं होतं. बड्या साहेबांनी तिन्ही वेळा वाचून खाली सही केली आणि झडप बदलली नाही. मग झडप उडाली, एका धोब्याचा हात खांद्यापर्यंत भाजला. दुसऱ्या दिवशी वहीतून नेमकी ती पानं गायब. कारखान्याच्या फाटकावर कागद लागला की अमुक अमुक यांना हलगर्जीपणाबद्दल कामावरून काढण्यात येत आहे. तो कागद महिनाभर तिथे होता. आई बाजारात जाताना लांबच्या रस्त्यानं जायची.

मी तेव्हा नुकतीच कोर्टात लागले होते. बाबांना म्हटलं, दावा लावू. बाबा म्हणाले, पानंच नाहीत तर माझं कोण ऐकणार. त्यानंतर तीस वर्षं जगले आणि घरातला गॅस रोज दोनदा तपासून बघायचे, आपण खरंच हलगर्जी आहोत की काय म्हणून. स्वतःच्या मनातून उतरला होता रे तो माणूस.

या सगळ्यावर तुझा उपाय काय, तर त्या म्हाताऱ्याची दाढ दुखावी! त्याला कळणारसुद्धा नाही का दुखते ते. बाबांच्या नावावरचा डाग त्यानं पुसला जाणार आहे का? मला त्याच्या जबड्याशी काही देणंघेणं नाही. मला त्याच्याकडून एक ओळ हवी आहे, त्याच्या हाताची, सहीनिशी, की बॉयलरवाल्याची चूक नव्हती. एवढी एक ओळ कागदावर आली की मी सुखानं मरेन.

तेव्हा कवळी सरळ कर, नीट कर, आणि ती देऊन झाली की सभ्य माणसासारखं त्याला भेटून विचार. हे मी सांगते आहे. विनंती नाही.

ऐकशील या आशेवर लोभ टिकून आहे.

ताई


ता. २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी कवळी गेली. तीन मिलिमीटरसकट. भांड्यात शिजली, घासून-पुसून आरशासारखी चकचकीत करून पाठवली. आयुष्यात एवढी सुंदर वाईट कवळी मी केली नव्हती.

बाबांच्या गॅसचं लिहिलंस ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं म्हातारपणाची सवय. ते वाचून तर मला वाटलं, पाच मिलिमीटर करायला हवी होती.

सही-बिही तुझ्या कोर्टात चालते. असली माणसं सही करून पानं फाडतात, हे तूच लिहिलंयस.

पाया पडतो. शिव्या थोडक्यात दे.

ढब्बू


ता. २४ जून

चि. ढब्बूस,

थोडक्यात देते. तू आणि तो भट्टीवाला औषधविक्या एकाच लायकीचे आहात. आशीर्वाद पुढच्या पत्री, तोवर आहे त्यात भागव.

ताई


ता. ८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. हसू नकोस, किंवा हस. तुझा हक्कच आहे.

गेल्या मंगळवारी दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि एक उंच म्हातारा आत आला. हातात फळांची पिशवी. मला म्हणाला, माझी कवळी तुम्हीच केलीत ना, डॉक्टरांकडून पत्ता घेऊन आलोय. वाटलं, आता भांडण. मी मनातल्या मनात वाक्य तयार केलं, चाळीस वर्षं घासून ठेवलेलं.

तर त्यानं पिशवीतून सफरचंद काढलं आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या कचकन चावलं. खाल्लं, गिळलं, आणि डोळ्यात पाणी आणून माझा हात धरला. म्हणाला, बारा वर्षांत पहिल्यांदा सफरचंद खातोय. आधीच्या तीन कवळ्यांनी जीव नकोसा केला होता. तुम्ही देवमाणूस आहात.

देवमाणूस, ताई! मलाच म्हणाला!

तो गेल्यावर मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे समजावलं. जुन्या कवळ्या झिजून झिजून बड्या साहेबांचा चावा बसत गेला होता, म्हणजे दोन्ही जबडे जवळ आले होते, नाक हनुवटीला टेकायला आलं होतं. डॉक्टरांनी घाईत जुन्याच उंचीचं माप दिलं. त्यांना वाटलं, मी अनुभवी माणूस, चूक ओळखून आपण होऊन तीन मिलिमीटर वाढवले. म्हणाले, नेमकी तेवढीच उंची हवी होती. यापुढे सगळ्या अवघड केसेस मलाच पाठवणार आहेत. चाळीस वर्षांच्या धंद्यात माझं पहिलं कौतुक झालं ते या कामासाठी.

आता खरं सांगायचं ते सांगतो. सफरचंद खाऊन म्हातारा बसला. चहा प्यायला. मी तुझं ऐकलं, सभ्यपणे विचारलं की कारखान्यात दिवस कसे गेले. म्हणाला, तेहेतीस वर्षं, एक डाग नाही. मी म्हटलं, कधी अपघात वगैरे? म्हणाला, एकदाच. बॉयलरवर कोणी एक हलगर्जी माणूस होता. काय बरं नाव त्याचं? मग खरंच आठवायला लागला, कपाळाला आठ्या घालून. मी वाट बघत होतो. नाही आठवलं. म्हणाला, जाऊ दे, अशी माणसं कोण लक्षात ठेवतं. आणि हसला. माझे बत्तीस दात दाखवून हसला. (खरं तर अठ्ठावीसच दिलेत.)

तो ढोंग करत नव्हता. ढोंग असतं तर मला बरं वाटलं असतं. तो विसरलाय. आणि मी, ताई, मी काही बोललो नाही. वाक्य तयार होतं, आणि मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. पिशवीतली उरलेली सफरचंदं ठेवून तो गेला. ती मी कचऱ्यात टाकली.

मला हवं तसं बोल. पण बोल. गप्प बसू नकोस.

तुझा
ढब्बू


ता. १२ जुलै

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. मी ते घेऊन तळमजल्यावर गेले. तिथे अजून तीच चर्चा चालू आहे. मालिका संपून सहा आठवडे झाले, पण भूगोलाच्या मास्तरांना आता फितीची बाजू पटू लागली आहे आणि ते मला पाठिंबा देतात. त्यांच्या पाठिंब्याची मला जास्तच किळस आली. न्याय, सत्य, नोंद, असले शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मला कळेना की हे शब्द मी एवढी वर्षं कसे वापरले.

आठवत नाही म्हणाला! नावसुद्धा नाही! बाबा त्याचं नाव शेवटच्या आजारात घेत होते. मला म्हणाले होते, साहेबांना सांग मी लिहिलं होतं. आणि त्याला नाव आठवत नाही, आणि तो सफरचंद खातो.

मी चुकले. ज्याला आठवतच नाही त्याची सही घेऊन मी करणार काय? तुझी ती नर्सच शहाणी. ऐक. नवी कवळी दोन-चार आठवड्यांत एकदा तरी टोचते आणि परत येते, असं तूच मला सांगितलं होतंस. ती आली की या खेपेला नीट मोजून बिघडव. कसं ते तू ठरव, तुझा धंदा आहे. त्याला घास जाता कामा नये.

हे मी लिहिते आहे, मी. हे पत्र फाडू नकोस, जपून ठेव. मी लिहिलेलं नाकारत नाही.

गुडघ्यांना गरम पाण्यानं शेकायला सांग. रागात आहे म्हणून मायेत कमी धरू नकोस.

ताई


ता. २६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं खरं ठरलं. खालची कवळी तुझ्या पत्रापाठोपाठ परत आली. जिभेच्या बाजूला एका जागी टोचत होती. एक दिवस माझ्या टेबलावर होती आणि शेजारी तुझं पत्र होतं. मोठ्या बहिणीची लेखी परवानगी. असं आयुष्यात पुन्हा घडायचं नाही.

मी घासायचं यंत्र चालू केलं आणि बंद केलं. मनात आलं, मी बिघडवली तर हा म्हणणार काय? म्हणणार, कारागीर हलगर्जी आहे. दवाखान्यात सांगेल, चौकात सांगेल. म्हणजे हाच माणूस आपल्या घरातल्या दुसऱ्या माणसाला हलगर्जी म्हणणार, आणि या खेपेला खरं म्हणणार. तेवढं सुख मी त्याला द्यायला तयार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही.

टोचणारी जागा गुळगुळीत केली. मग दुसरं एक काम केलं. वृद्धाश्रमातल्या कवळ्यांची अदलाबदल होते, म्हणून आम्ही कवळीत मालकाच्या नावाची बारीक चिठ्ठी पुरतो आणि वरून काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक बसवतो. तोंडात दिसत नाही, हातात घेतली की वाचता येतं. बड्या साहेबांच्या कवळीत मी जिभेकडच्या बाजूला तशी एक चिठ्ठी घातली. त्यांच्या नावाची नाही. बाबांचं पूर्ण नाव, आणि पुढे, 'बॉयलरवर होते. झडपेचं तीनदा लिहिलं होतं.' मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्याला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून.

तो तिसऱ्या दिवशी आला. या खेपेला पिशवी नव्हती. कवळी हातात होती, त्यामुळे काय बोलत होता ते नीट कळत नव्हतं. मला विचारत होता, हे कोण. मी सांगितलं. सगळं सांगितलं, वही, सह्या, पानं, फाटकावरचा कागद, आईचा लांबचा रस्ता, गॅस. आवाज चढवला नाही. तुझ्यासारखं, एकेक ओळ सुटी. त्यानं चिठ्ठीवरून अंगठा घासून पाहिला. मग म्हणाला, काढून टाका हे. मी म्हटलं, मी काढणार नाही, पण कुठल्याही कारागिराकडे जा, पाच मिनिटांत खरवडून देईल. मात्र एवढी नाजूक जागा खरवडली की कवळी पुन्हा अशी बसेल याची हमी नाही. हे खरं होतं, धमकी नव्हती. तो कवळी घेऊन गेला. माफी मागितली नाही. तुझी ओळ मला मिळाली नाही, ताई, आणि मिळेल असं वाटत नाही.

काल डॉक्टरांकडे गेलो होतो. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, बडे साहेब तपासणीला येऊन गेले, कवळी उत्तम बसलीय, चिठ्ठी तशीच आहे. पश्चात्ताप झालाय असं समजू नकोस. त्याला सफरचंद सोडवत नाही, एवढंच आहे. पण जेवण झालं की कवळी काढून नळाखाली धुवावी लागते, आणि तो दिवसातून दोनदा जेवतो.

हा न्याय की सूड, ते तळमजल्यावरच्या मंडळींना विचारू नकोस. तुला काय वाटतं तेवढं कळव, लघुलिपीत नको.

तुझाच
ढब्बू